आधी काम ठरवा, मग अंतर

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या फोंड्यात पंधरा-सोळा जणांचा गट दर रविवारी पहाटे एकत्र धावतो, फर्मागुडीचा चढ चढून परत येतो. सर्वांत लहान बावीस वर्षांचा, सर्वांत मोठे एकसष्ट वर्षांचे. धावण्याला जोडून गावाचे काही काम करावे असे निम्म्या जणांना वाटते. उरलेल्यांना धास्ती आहे की धावणे बाजूला पडेल आणि हातात नुसती केरसुणी राहील. किती अंतर धावावे, कोणते काम घ्यावे, परवानगी कोणाची लागते आणि पावसाळ्यात काय करावे?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, डिचोलीत प्रॅक्टिस करते आणि गेली नऊ वर्षे आमचा असाच गट चालवते. तुमच्या प्रश्नात अंतर आधी आले आणि काम नंतर. तिथेच थांबून क्रम उलटा करा. आधी काम शोधा, ते कुठे आहे ते पाहा, आणि तिथपर्यंतचा रस्ता म्हणजे तुमचे धावणे. अंतर आधी ठरवले की वाटेत जे दिसेल ते काम घेतले जाते, आणि वाटेत दिसणारे काम बहुधा कोणालाच नको असते.

ही कल्पना नवी नाही. २००९ साली पूर्व लंडनमध्ये आयव्हो गॉर्मली यांनी गुडजिम सुरू केले. माणसे गटाने धावत जातात, एखाद्या संस्थेचे मातीकाम करतात किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धाला भेटतात, आणि धावत परततात. दुसरा प्रकार स्वीडनचा. २०१६ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये एरिक आल्स्ट्रॉम यांनी धावता धावता कचरा उचलायला सुरुवात केली, त्याला प्लॉगिंग नाव पडले. २ ऑक्टोबर २०१९ ला आपल्याकडे फिट इंडियाच्या नावाने देशभर प्लॉग रन झाली, तेव्हापासून हा शब्द गोव्यातही सगळ्यांच्या तोंडी आहे.

मला पहिला प्रकार पटतो, आणि कारण शरीराचे आहे. प्लॉगिंगमध्ये एका हातात भरत जाणारी पिशवी असते. दर दहा-वीस पावलांवर वाकायचे, तेही धावण्याच्या ओघात, गुडघे न वाकवता, कंबर पिळवटून. तासाभरात अशी दोन-तीनशे वाकणी होतात. सोमवारी माझ्याकडे जे कंबर धरून येतात त्यांच्यात असे काही जण हमखास असतात. शिवाय फोंडा-पणजी हमरस्त्यावर मान खाली घालून पावले टाकणे सरळसरळ जिवावर बेतू शकते. धावताना धावा, काम करताना थांबून, दोन्ही पाय रोवून काम करा. कचरा उचलायचा असेल तर एक जागा ठरवून तिथे थांबून उचला.

आता काम शोधायचे कसे. हत्यारे न घेता त्या जागी जा आणि तिथल्या माणसाला विचारा. हे मी आग्रहाने सांगते, कारण न विचारता केलेल्या कामाने आम्ही एकदा नुकसान केले आहे.

तिसऱ्या वर्षी आम्ही आमच्या तालुक्यातली एक झर साफ करायला घेतली. कित्येक वर्षांचा गाळ, पानांचा थर, प्लॅस्टिकच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या. पहिल्या रविवारी खूप छान वाटले. दुसऱ्या रविवारी आमच्यातल्या दोघांनी पाणी जिथून फुटते त्या तोंडाशी पहार घातली, दोन दगड बाजूला केले, म्हणजे धार मोठी होईल असे वाटले. आठवडाभरात धार अर्ध्यावर आली. पाणी हातभर खाली, बाजूच्या मातीतून झिरपायला लागले. वाड्यावरचे, म्हणजे तिथल्या वस्तीवरचे, एक वृद्ध गावकार आले, त्यांनी काही न बोलता गाळ बाजूला केला, चिकणमाती कालवून दगड होता तसा बसवून घेतला, आणि मग म्हणाले, ‘‘झरीला उघडायची नसते, बाये. तिची वाट मोकळी ठेवायची असते.’’ पाणी पुन्हा जागेवर यायला पुढचा पावसाळा जावा लागला.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. आपल्या डोंगरांचा माथा म्हणजे जांभ्या दगडाचा सडा, ज्याचे आपण चिरे काढतो. हा दगड सच्छिद्र आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस त्यातून खाली उतरतो, पण खाली चिकणमातीसारखा थर असतो, त्यातून पाणी पुढे जात नाही. मग ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत, जिथे हा थर उघडा पडतो तिथे फुटते. ती झर. म्हणजे झरीचे आरोग्य झरीवर कमी आणि वरच्या सड्यावर जास्त ठरते. सड्यावर मातीचा ढीग पडला, गाड्यांनी जमीन दाबली, झाडोरा गेला की खाली धार बारीक होते, आणि खाली कितीही घासूनपुसून ती वाढत नाही.

म्हणून आता आमच्या झरीच्या कामाचे दोन भाग असतात. खाली फक्त वाहून जाण्याची वाट मोकळी करतो: पाने, गाळ, प्लॅस्टिक. दगडाला हात नाही, शेवाळ खरवडणे नाही, ब्लीचिंग पावडर तर मुळीच नाही, कारण त्या पाण्यात बेडूक, खेकडे, बारके मासे असतात आणि खालच्या कुळागरातल्या (बागायतीतल्या) पोफळी त्याच पाण्यावर जगतात. वर सड्यावर रानमोडी हे माजणारे तण उपटतो आणि तिथे टाकलेला बांधकामाचा राडारोडा मोजून, फोटो काढून पंचायतीला कळवतो. सड्यावर धावायला मजा येते, पावलांना माती-दगडाची सवय होते. मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर सीतेची आसवे आणि इतर बारीक फुलांचे गालिचे असतात, तेव्हा मळलेल्या पायवाटेवरूनच धावा.

तुमच्या भागात कामांची कमी नाही. कुर्टी, खांडेपारकडे नदी आणि व्हाळ, म्हणजे ओढे, आहेत, सावईवेऱ्याकडे कुळागरे, मडकई-दुर्भाटकडे खाजने, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते. खाजनाबद्दल एक सावधगिरी. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध आणि भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणाऱ्या मानशी (पाण्याची फळ्यांची दारे) हे पिढ्यानपिढ्यांचे कसबी काम आहे. मानशीच्या फळ्यांना हात लावायचा नाही. तिथल्या मासळीवर कोणाचा तरी हक्क असतो, आणि चुकीच्या वेळी फळी उचलली तर अख्ख्या शेतात खारे पाणी जाते. बांधावर खेकड्यांनी भोके पाडली असतील आणि शेतकऱ्यांनी बोलावले तर चिखलाची घमेली वाहून द्या. चिखल थापायचे काम त्यांना करू द्या. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार झेलते, ती ‘झुडपे’ म्हणून साफ करू नका.

परवानगीचे म्हणाल तर गोव्यात जागा कोणाची हे आधी पाहावे लागते. तळी, झर देवळाच्या आवारात असेल तर देवस्थान समिती. गावची जुनी सामायिक जमीन असेल तर ती सांभाळणारी कोमुनिदाद ही गावसंस्था. रानात शिरायचे तर वन खाते. कुळागर, माडाची बाग खाजगी असेल तर भाटकार (जमीनमालक) आणि तिथे राहणारा मुंडकार, दोघेही. रस्ता, गटार, मैदान पंचायतीचे किंवा पालिकेचे. एक साधे पत्र लिहा: कोण, किती जण, कोणत्या दिवशी, काय करणार आणि काय करणार नाही. ‘काय करणार नाही’ ही ओळ जरूर घाला. तिने लोकांचा विश्वास बसतो. झाड तोडायला, मोठी फांदी उतरवायलाही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागू शकते, म्हणून कोयता फक्त गवत-तणावर.

कचऱ्याचे काम घेणार असाल तर उचललेला कचरा कुठे जाणार हे उचलण्याआधी ठरवा. २०१६ पासून साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प आहे, गावोगावी सुका कचरा गोळा होतो, पण रविवारी सकाळी नऊ वाजता रस्त्याकडेला ठेवलेल्या वीस पोत्यांची वाट कोणी पाहत नसते. सोमवारपर्यंत गुरे आणि कुत्री ती फोडतात. आदल्या आठवड्यात पंचायतीशी बोलून गाडी किंवा शेड ठरवा. जागेवरच काच वेगळी, स्वच्छ प्लॅस्टिक वेगळे, उरलेले वेगळे करा. चवथीनंतर तळ्याकाठचे काम आम्हाला फार आवडते: माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या आराशीची, फळे-पाने, निर्माल्य एका बाजूला खतासाठी, कापड आणि थर्मोकोल दुसऱ्या बाजूला. वाड्यावरची मुले आपणहून येतात.

किनाऱ्यावर क्वचित जाणार असाल तर तीन गोष्टी सांगते. वाळूत अर्धे पुरलेले जाळे दिसले की ते कचराच आहे असे धरू नका; रांपणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या, माणसाला विचारा. वाळूच्या टेकड्यांवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल उपटू नका, वाळू तिनेच धरून ठेवलेली असते. आणि मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा अंधारात डोक्याला दिवे बांधून धावणे पूर्ण टाळा. एप्रिल-मेपासून पायाला चिकटणारे काळे डांबरगोळे येतात, ते खोबरेल तेलाने निघतात.

आता अंतर. मिश्र वयाच्या गटाला एका बाजूने तीन ते चार किलोमीटर पुरते. जाताना बोलता येईल इतक्याच वेगाने. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, कारण पुढे पाऊण तास फावडे मारायचे आहे. काम चाळीस ते पन्नास मिनिटे, त्याहून जास्त नाही. घड्याळ लावून थांबा, काम उरले तरी. उरलेले काम पुढच्या वेळी येण्याचे कारण होते. परतताना पहिली दहा मिनिटे चाला. खोदून, उचलून झाल्यावर मांडीच्या मागचे स्नायू आणि कंबर थकलेली असते, लगेच उतारावर जोरात सुटलात तर गुडघा धरतो. तुमचा फर्मागुडीचा उतार मला माहीत आहे, तो परतीच्या वाटेवर असेल तर चालतच उतरा. वेगाचा सराव आणि लांब पल्ल्याची धाव वेगळ्या दिवशी ठेवा.

ज्यांना धावणे बाजूला पडेल अशी भीती वाटते त्यांची भीती खोटी नाही. तसे झालेले गट मी पाहिले आहेत: धावणे कमी कमी होत गाड्यांनी कामावर जाणे सुरू होते, मग धावणारे गळतात, मग काम करायला माणसेच उरत नाहीत. उपाय एकच, सुरुवातीला महिन्यातला एकच रविवार कामाचा, बाकीचे नेहमीसारखे. आणि कामाच्या रविवारीही धावतच जायचे. त्यांना हेही सांगा की जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाबरोबर आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही सांगते. धावणाऱ्यांचा पहिला भाग पूर्ण असतो, दुसरा बहुतेकांचा कोरा. भरलेले घमेले उचलून पन्नास पावले चालणे हा दंड, पाठ, पोट आणि मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे. माझ्या गटातल्या एका पन्नाशीच्या बाईंचा वारंवार मुरगळणारा घोटा चिखलातल्या कामाने जितका सुधारला तितका मी दिलेल्या रबरी पट्ट्यांनी सुधारला नव्हता.

मात्र हे काम नीट पद्धतीने करायला हवे. वाकताना कंबर नव्हे, खुबा आणि गुडघे वाकवा. फावडे मारताना पाच मिनिटांनी हात बदला, म्हणजे पुढचा हात मागे. घमेले अर्धेच भरा, ओझ्यापेक्षा फेऱ्या वाढवा. आणि साखळी करून घमेली पुढे द्यायची असतील तर रांगेत एकाच दिशेला तोंड करून उभे राहू नका, त्यात प्रत्येक घमेल्याला कंबर पिळते. एकाआड एक समोरासमोर उभे राहा आणि पाय उचलून वळा. एवढ्या एका बदलाने आमच्या गटात सोमवारच्या तक्रारी जवळपास बंद झाल्या.

हत्यारे कधीही धावताना नेऊ नका. फावडी, घमेली, टिकाव, पहार आदल्या दिवशी जागेवर पोचवा, देवळाच्या खोलीत किंवा कोणाच्या मांगरात ठेवा. धावण्याचे बूट जाळीचे असतात, काचेचा तुकडा किंवा गंजका खिळा त्यातून आरपार जातो. म्हणून कामापुरते गमबूट जागेवर ठेवा. पातळ प्लॅस्टिकचे मोजे हातात घालून काच उचलू नका, जाड रबरी किंवा कॅनव्हासचे हातमोजे घ्या. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल त्यांनी कामाला येण्याआधी घ्यावी.

रस्त्यावर जिथे पदपथ नाही तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक धावा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, साडेपाचला निघालात तर तासभर तरी अंधारच असतो. चकाकणारे पट्टे सगळ्यांना हवेतच. सर्वांत मागे एक जण कायमचा नेमा, ज्याच्याकडे फोन, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पिशवी असेल. त्याच्या मागे कोणीही राहता कामा नये. ही जबाबदारी सर्वांत वेगवान माणसाला द्या, त्याला ती पेलते आणि मागच्यांना धीर येतो.

पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलेत, तर वर्षाचे वेळापत्रकच पावसाभोवती बांधा. पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की रोपे लावायची, पण इथे एक हिशेब मांडा. आम्ही पहिल्या वर्षी उत्साहाने रस्त्याकडेला चाळीस रोपे लावली. एप्रिलमध्ये तीन जिवंत होती. पाऊस थांबल्यावर फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार याचा विचारच केला नव्हता. दुसऱ्या वर्षी बारा लावली, सगळी एका विहिरीच्या आसपास, प्रत्येकाला एक माणूस नेमून. बुंध्याशी सुकी पाने आणि चुडते (माडाच्या सुकलेल्या झावळ्या) घातली, गुरांपासून काट्यांचे कुंपण केले, उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी. नऊ जगली. जांभूळ, करंज, भिरंड (कोकम), आंबाडा अशी इथलीच झाडे लावा. वन खात्याच्या रोपवाटिकेत मिळतात.

जुलै-ऑगस्टमध्ये व्हाळ, गटार, साचलेल्या पाण्यात उतरू नका. जोराचा पाऊस वर डोंगरात झाला की व्हाळ मिनिटांत भरतो. दुसरे कारण लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या मुतातून हे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या बारीक जखमेतून आत जातात. धावणाऱ्यांच्या पायाला चट्टे, फोड असतातच. पाण्यात किंवा चिखलात काम केल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना ‘मी चिखलात काम केले होते’ हे आधी सांगा. हे एक वाक्य निदान लवकर व्हायला फार मदत करते.

रानमोडी उपटायला सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम: माती मऊ असते, मुळासकट येते आणि अजून फुलून बी उडालेले नसते. नोव्हेंबरमध्ये पाणी कमी होऊ लागले की व्हाळावर वाळूच्या पोत्यांचे बंधारे घालायचे दिवस. आम्हाला शेतकरी बोलावतात, पोती भरणे आणि पोचवणे हे धावणाऱ्यांच्या ताकदीचे काम आहे. डिसेंबर ते मे रानात, काजूच्या बागांत गोचिडीपासून सांभाळा. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. पूर्ण पँट, ती मोज्यांत खोचलेली, पालापाचोळ्यावर बसायचे नाही, घरी जाऊन गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे वेगळे धुणे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

पालापाचोळ्याचा ढीग, चिऱ्यांची रास हलवण्याआधी लांब काठीने ढवळा आणि थांबा. साप चावलाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नका. माणसाला शांत निजवा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. कामाच्या जागेचा नेमका पत्ता आणि जवळची खूण सर्वांना आधीच माहीत असावी, कारण रानातल्या वळणावर गाडीला बोलावताना तोच वेळ जातो.

मे महिन्यात गोव्यात पारा फार चढत नाही, पण दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. एकदा कामाच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झाले तर साधारण एक लिटर पाणी गेले. नुसते पाणी पुरत नाही. मीठ-साखर घातलेले कोकमाचे पाणी चालते. कोणी असंबद्ध बोलू लागले, चालताना झोक जाऊ लागला तर ते नुसते दमणे नाही, उष्माघात आहे. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला बोलवा. आधी थंड करा, मग हलवा.

आणि मे महिन्याचे खरे काम वृद्धांच्या घरी असते. हे मी सर्वांत शेवटी ठेवले, पण माझ्या मते सर्वांत मोलाचे हेच आहे. आपल्याकडे अशी घरे प्रत्येक वाड्यावर आहेत: मुले मस्कतला, दुबईला किंवा पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन इंग्लंडला, आणि घरात एकटी आई. पावसाआधी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड असते. तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या, चिंच ती स्वतः पाहते. पण जळाऊ लाकडे पडवीत रचणे, परसातली चुडते गोळा करणे, घराभोवतीचा पाट उपसणे, वखारीतले जड पिंप उचलून चौथऱ्यावर ठेवणे, हे तिला जमत नाही आणि मजुरीला माणूस मिळत नाही. दोन धावणाऱ्यांचे पाऊण तासाचे काम. छपरावर मात्र चढायचे नाही, फुटलेले नळे (कौले) बदलायला कसबी माणूसच लागतो. आपण फक्त कोणते फुटलेत ते खालून पाहून त्याला बोलावून द्यायचे.

यातले नियम कडक ठेवा. नेहमी दोघे, आणि दरवेळी तेच दोघे. पहिल्यांदा जाताना पंच किंवा ओळखीचा शेजारी बरोबर. परगावी असलेल्या मुलांना फोन करून कल्पना द्या. पैसे घ्यायचे नाहीत, चहा नाकारायचा नाही. औषधे, कागदपत्रे, बँक यांत पडायचे नाही. आणि ‘येतो’ म्हटले की गेलेच पाहिजे. झर एक रविवार थांबते. दार उघडे ठेवून बसलेली माणसे थांबली तर त्यांचा दिवस जातो.

आमच्याकडच्या एका आजींची लाकडे आम्ही सलग पाच वर्षे रचली. दुसऱ्या वर्षी त्यांनी गॅस घेतला होता, लाकडे लागत नव्हती, तरी मे महिन्यात निरोप आला. आम्ही रचली, चहा घेतला, त्यांनी वाड्यावरच्या पाटाची जुनी वाट कुठून होती ते सांगितले. गटार भरून तीन घरांत पाणी शिरायचे त्याचे कारण त्या बोलण्यातून कळले: जुन्या वाटेवर कोणीतरी चिऱ्यांची रास घातली होती. पुढचे दोन रविवार आम्ही ती वाट मोकळी केली. त्या वाड्याची नेमकी गरज आम्हाला कोणत्याही नकाशाने सांगितली नसती. आजी गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या मुलाने मस्कतहून फोन करून पाट पुन्हा भरला का, हे विचारले.

तुम्ही येत्या रविवारी नेहमीसारखे निघा, पण फर्मागुडीऐवजी तीन-चार किलोमीटरवरच्या एका वाड्यावर जा. हत्यारे नकोत. तिथल्या दोन-तीन वयस्कर माणसांना विचारा: पाऊस आला की पाणी कुठे अडते, ही जागा कोणाची, आणि गेल्या वेळी हे काम कोणी केले होते. उत्तरे वहीत लिहा, चालत-धावत परत या. काम आणि तारीख ठरली की मला कळवा. आमच्याकडे आठ फावडी आणि बारा घमेली आहेत, पहिल्या वेळेपुरती ती फोंड्याला पोचवायची व्यवस्था मी करते.